पदवीशिवाय सागरी जीवशास्त्रात काम करता येते का?

समुद्रपक्षी: माझी भाची यंदा बारावीला आहे. सतीश भास्कर यांनी आयआयटी मद्रासचे शिक्षण अर्धवट सोडून समुद्री कासवांसाठी आयुष्य वेचले, हे वाचल्यापासून पदवीत वर्षे कशाला घालवायची, असे ती विचारते. तिला काय सांगावे?

पुळणकर: भास्करांची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी. मद्रास स्नेक पार्कमध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी सत्तरच्या दशकात किनारे पायी पालथे घालायला सुरुवात केली. लक्षद्वीपमधील सुहेली येथे हिरवी कासवे ऐन पावसाळ्यात अंडी घालतात आणि त्या दिवसांत तिकडे बोटी जात नाहीत, म्हणून १९८२ चा पावसाळा त्यांनी त्या निर्मनुष्य बेटावर एकट्याने काढला. पत्नीच्या नावे बाटलीत घालून सोडलेले त्यांचे पत्र श्रीलंकेतील एका कोळ्याला सापडले आणि त्याने ते पुढे धाडले. लोकांच्या लक्षात राहतो तो हा किस्सा. मला मात्र त्यांची पहाटेची मोजदाद मोठी वाटते. मादी समुद्रात परतल्यावर वाळूवर उरलेला माग किती रुंद आहे आणि तिचे दोन्ही पाय एकदम पडले आहेत की आलटूनपालटून, एवढ्यावरून जात ओळखायची, नोंद करायची आणि पुढे चालायचे. ग्रेट निकोबारच्या ज्या गलाथिया किनाऱ्यावर त्यांनी लेदरबॅक या समुद्री कासवाची घरटी नोंदवली, तिथेच आज बंदर होऊ घातले आहे. जुन्या नोंदींचे मोल अशा वेळी कळते.

खारफुटी: हे सारे मान्य, पण आज तो मार्ग जवळपास बंद आहे. आपल्याकडची समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत असल्याने, त्यांना ओळखीचा टॅग लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते आणि ती मिळवताना पाठीशी संस्था असावी लागते. जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासव मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा टॅग बसवला, तो भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या प्रकल्पातून. अर्थात त्याच वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली, तेव्हा पदवी कोणी विचारली नव्हती!

समुद्रपक्षी: आभार. मग बी.एस्सी.ला कोणता विषय घ्यावा?

खारफुटी: प्राणिशास्त्र घ्यावे, आणि जोडीला संख्याशास्त्र मिळत असेल तर ते मुळीच सोडू नये. दरम्यान मार्चमध्ये तिला वेळासला घेऊन जा. पिल्ले समुद्रात सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, तेव्हा मुक्कामानेच जावे.