हिरवळीत उगवलेली पांढरी छत्री: ओळखायची कशी? (कळंबा, कोल्हापूर)

कळंब्याची_सून
नमस्कार मंडळी. झड लागली होती, परवा जरा उघडीप मिळाली आणि दारातल्या हिरवळीत पांढऱ्या छत्र्या वर आल्यात. एका जागी नाहीत, अर्धगोलात उभ्या आहेत. टोपी ताटलीएवढी, मधोमध तपकिरी डाग, त्याच्याभोवती तपकिरी खवले. नखानं खरवडलं की निघतात. दांड्यावर कडं आहे. शेजारच्या काकू म्हणतात अळंबीच आहे, कांदा-लसूण मसाल्यात परता. सासूबाई भुदरगडकडच्या, त्या म्हणतात, "वारूळ कुठाय हितं? मग अळंबी कुठली?" मोबाईलचं ॲप दर फोटोला वेगळं नाव सांगतंय. आम्ही खाणार नाही, पण लेक रांगती आहे, हाताला लागेल ते तोंडात घालते. म्हणून नक्की काय आहे ते कळायला पाहिजे.

तांबडा_पांढरा
ताई, लसूण घालून उकळून बघा. लसूण काळा पडला तर विषारी, नाही पडला तर ताव मारा. आमची आज्जी असंच करायची.

रानवाटा_राधानगरी
भावा, तेवढं लसणाचं सोड. सगळ्यात जीवघेण्या अमॅनिटा जातींचं विष लसूण काळा करत नाही, चांदीचा चमचाही करत नाही. उकळून, तळून, वाळवूनही ते जात नाही. गोगलगायीनं कुरतडलंय म्हणजे चालतंय, हेही खोटं. तिला पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही.

ताई, वरून काढलेल्या फोटोवर कुणी छातीठोक नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एक छत्री खुरप्यानं खालची माती उकरून अख्खी काढा, उपटू नका. अमॅनिटाच्या बुडाशी पांढरी पातळ पिशवी असते, ओढलं की ती मातीतच राहते आणि नेमकी मुख्य खूण हातची जाते. मग कडं बोटानं वरखाली सरकतं का बघा. टोपी उलटी करून खालच्या गिल्सचा, म्हणजे पात्यांसारख्या पातळ पडद्यांचा, रंग बघा, कोवळ्या आणि जून अशा दोन्ही छत्र्यांचा.

आणि बीजाणूंचा, म्हणजे गिल्समधून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा घ्याच. जून छत्रीचा दांडा कापायचा, टोपी गिल्स खाली करून कागदावर ठेवायची, वर वाडगं पालथं घालायचं. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या, नाहीतर पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही. सकाळपर्यंत हलवू नका. हात लावल्यानं विष चढत नाही, पण नंतर हात धुवा.

भुदरगडी_गडी
सासूबाईंना नमस्कार सांगा, बरोबर बोलल्यात. आमच्याकडची अळंबी वाळवीच्या घरट्यावरच येते. टोपीला मधोमध टोक असतं, जून झाली की कडा चिरफाळतात. दांडा जमिनीखाली मुळीसारखा निमुळता होत घरट्यापर्यंत गेलेला असतो. वर दिसते वीतभर आणि खाली उकरत बसावं लागतं. तपकिरी खवले आणि सरकतं कडं मी तरी तिच्यावर बघितलेलं नाही.

रानवाटा_राधानगरी
बरोबर. तिचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसीस. वाळवीच तिला पोसते आणि तिच्यावर जगते. ठसा फिकट गुलाबीसर पडतो. पण वारुळाजवळ उगवलं म्हणून डोळे झाकून खुडायचं असंही नाही, दुसऱ्या छत्र्याही तिथं येतात.

कळंब्याची_सून
केलं सगळं. बुडाशी पिशवी नाही, नुसता फुगीर गड्डा. कडं अंगठीसारखं वरखाली सरकतंय. कोवळीच्या गिल्स पांढऱ्या आहेत, जूनच्या मळकट हिरवट. सकाळी वाडगं उचललं तर पांढऱ्या बाजूला चक्राच्या आऱ्यांसारख्या रेघा, फिका करडा-हिरवा रंग. सासूबाई चष्मा लावून बघून म्हणाल्या, "शेवाळ पडलंय जणू."

रानवाटा_राधानगरी
मग झालं. हिरवा ठसा फार थोड्या छत्र्यांचा पडतो. हिरवळ, खवले, सरकतं कडं, पिशवी नाही आणि हिरवा ठसा, हे सगळं जुळलं की क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. विषारीच. सहसा जीव जात नाही, पण खाल्ल्यावर १ ते ३ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि लहान पोराचं अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. फसगत होते ती कोवळेपणी, कारण तेव्हा गिल्स पांढऱ्याच असतात आणि हिरवा रंग नंतर चढतो.

तांबडा_पांढरा
म्हणजे लवकर उलटी झाली तर तेवढं घाबरायचं नाही?

रानवाटा_राधानगरी
तसं धरून बसू नका, कुणी दोन जाती मिसळून खाल्लेल्या असतात. जीवघेण्या अमॅनिटाचा त्रास ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो. मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस घरी येतो आणि आतून यकृत निकामी होत जातं. म्हणून कुणाच्याही पोटात गेलं तर त्रासाची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा. उरलेली छत्री, भाजीतला तुकडासुद्धा, कागदात गुंडाळून बरोबर न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती सडते.

कळंब्याची_सून
औषध मारलं तर जातील का?

भुदरगडी_गडी
पैसे घालवू नका ताई. छत्री हे नुसतं फळ, बुरशीचे धागे मातीत पसरलेले असतात, पुढच्या पावसाला परत येतीलच. रोज सकाळी लेक बाहेर यायच्या आधी हिरवळीवर एक चक्कर मारा, टोपी उघडायच्या आतच बुडासकट काढा आणि बंद डब्यात टाका. कुत्रं असेल तर त्यालाही तिकडं सोडू नका.