खेळाडूचा प्रशिक्षक झालेला पोर्तुगीज : कुणाची कारकीर्द अभ्यासावी?

पेठेतला_पाच_नंबर
मंडळी, सल्ला हवाय. कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून बरीच वर्षं फुटबॉल खेळलो, आता चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना शिकवतोय. पावसाळ्यात मैदान बंद असतं, तेवढ्या दिवसांत एका पोर्तुगीज प्रशिक्षकाची अख्खी कारकीर्द नीट बघायची म्हणतोय. अट एकच, तो स्वतः वरच्या दर्जाचा खेळाडू असावा. म्हणून मोरिन्हो नको, तो प्रशिक्षक म्हणून मोठा, पण खेळाडू म्हणून साधाच. कुणापासून सुरू करू?

मडगावकर
सर्जियो कॉन्सेसांव, डोळे मिटून. युरो २००० या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत जर्मनीविरुद्ध ३-०, तिन्ही गोल त्याचे. त्याच वर्षी लाझिओ क्लबबरोबर इटलीची लीग जिंकलेला. प्रशिक्षक म्हणून २०१७ ते २०२४ पोर्तुगालच्या पोर्तो क्लबात, तीन लीग विजेतेपदं. मार्च २०२१ची, चॅम्पियन्स लीगमधली इटलीच्या युव्हेंटसविरुद्धची तुरिनमधली मॅच पोरांना दाखवाच. उत्तरार्ध सुरू होऊन दहाच मिनिटं झाली नाहीत तोवर पोर्तोच्या तारेमीला लाल कार्ड, पुढे जादा वेळेसकट सगळी मॅच दहा जणांत. ११५व्या मिनिटाला सर्जियो ऑलिव्हेराची फ्री किक उडी मारलेल्या भिंतीच्या पायाखालून जाळ्यात. पोर्तो २-३ हरलं, पण दोन्ही मॅच मिळून ४-४ बरोबरी होती आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे बाहेरच्या मैदानावरच्या जास्त गोलांच्या जोरावर ते पुढे गेलं.

अश्विनी_पुणे
कॉन्सेसांव चांगलाच आहे, पण दादा, तुम्ही शिकवताय म्हणून मी आर्तुर जोर्जचं नाव सुचवेन. युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकणारा पहिला पोर्तुगीज प्रशिक्षक.

जन्म १९४६, पोर्तो शहरातला. कोइम्ब्राच्या अकादेमिकाकडून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबकडून खेळला, मग लिस्बनच्या बेन्फिकाकडून. १९७१ आणि १९७२, सलग दोन मोसम लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे, आणि तेही युसेबियोसारखा दिग्गज त्याच संघात असताना! जर्मन भाषा-साहित्याची पदवी, कवितांचं पुस्तकही आहे. पाय मोडला आणि खेळ संपला. मला त्याच्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते यापुढचं. तो पूर्व जर्मनीत लाइपझिगला जाऊन प्रशिक्षणशास्त्र शिकला. आपण गोल मारलेत म्हणजे शिकवताही येईल, असं त्याने गृहीत धरलं नाही.

१९८४ला पोर्तो हातात आलं. १९८५ आणि १९८६ला लीग, आणि २७ मे १९८७ला व्हिएन्नात जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्ध युरोपियन कपची फायनल. पोर्तोचा हुकमी स्ट्रायकर फर्नांडो गोमेस पाय मोडून बाहेर. मध्यंतराला पोर्तो ०-१ मागे. जोर्जने किमला काढून ज्वारी हा चपळ ब्राझिलियन फॉरवर्ड उतरवला. ७७व्या मिनिटाला ज्वारीने गोलसमोर आत दिलेला बॉल पोर्तोच्याच माजेरने टाचेने मागच्या मागे जाळ्यात ढकलला. तीन मिनिटांत माजेरने डावीकडून क्रॉस दिला आणि ज्वारीने तो थेट मारला. २-१. ही मॅच ४६व्या मिनिटापासून दोनदा बघा, दुसऱ्यांदा बॉल सोडून फक्त ज्वारीकडे लक्ष ठेवा.

मडगावकर
अश्विनीताई, मान्य. पण बेन्फिकात प्रशिक्षक म्हणून त्याचं काय झालं तेही सांगा. नुसती जिंकलेली वर्षं बघून काही हाती लागणार नाही.

अश्विनी_पुणे
बरोबर. आधी पॅरिस : तिथल्या पीएसजी क्लबला १९९३ला फ्रेंच कप आणि १९९४ला लीग मिळवून दिली, त्या संघात वेआ आणि जिनोला हे नामवंत खेळाडू होते. तिथून बेन्फिकाला गेला, चॅम्पियन असलेला संघ बराचसा बदलला आणि तिसरा आला. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच गच्छंती. युरो ९६ला स्वित्झर्लंडचा प्रशिक्षक असताना त्याने संघातून सुटर आणि क्नुप या लोकप्रिय खेळाडूंना वगळलं, देशभर गदारोळ झाला, आणि संघ गटात शेवटचा राहिला. एखादा संघ घडवायला वेळ मिळाला की तो जोरात असायचा. दुसऱ्याने जुळवलेला संघ मात्र त्याला जसाच्या तसा चालवता येत नसे, असं माझं मत.

पेठेतला_पाच_नंबर
लई भारी ताई, हेच पाहिजे होतं. माझ्याकडेही दुसऱ्या सरांनी तयार केलेली पोरं आलीत आणि मी आल्या आल्या सगळ्यांच्या जागा बदलायला निघालो होतो. अजून एक, लायसन्सचा कोर्स करू का? खेळलेल्याला गरज नाही म्हणतात सगळे.

ठाण्याचा_विंगर
कराच. रुबेन आमोरिम पोर्तुगालकडून खेळलेला, तरी कासा पिया या छोट्या पोर्तुगीज क्लबात प्रशिक्षकाची पुरेशी पात्रता नसताना बाजूला उभं राहून सूचना दिल्या म्हणून त्याच्यावर कारवाई झाली होती. पुढे त्यानेच लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबला १९ वर्षांनी, २०२१ला लीग जिंकून दिली.

आणि शोधताना सांभाळा. आर्तुर जोर्ज नावाचा दुसराही पोर्तुगीज प्रशिक्षक आहे, तोही आधी खेळाडूच. २०२४ला ब्राझीलच्या बोताफोगोबरोबर कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची मोठी स्पर्धा, जिंकला तो हा. तुम्हाला हवाय तो मिशाळ, १९८७चा.