पावसानंतर कालवं (ऑयस्टर, खाण्याचे शिंपले) मिटलेलीच, मोजण्यात चुकतंय का?

प्रश्न: मोठ्या पावसाला दोन दिवस झाले, टोपल्यांतली कालवं घट्ट मिटलेली. मीटर क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, फक्त 8 दाखवतो. होडीतून हात पोचेल तिथेच बुडवतो, खरं सांगायचं तर.

उत्तर: तिथेच घोळ. गोडं पाणी हलकं, वर तरंगतं. ओहोटी लागली की तो थर टोपल्यांपर्यंत उतरतो. मीटर टोपलीच्या खोलीवर सोडा, भरती आणि ओहोटी दोन्हींना. ऑक्सिजन मात्र पहाटे मोजा. दुपारी शेवाळामुळे आकडा फुगतो.

उत्तर: क्षारता सुधारली म्हणून लगेच काढणी नको. पावसाबरोबर सांडपाणी येतं, कालव ते गाळताना जंतू पोटात साठवतं. ई. कोलायसाठी (सांडपाण्यातल्या विष्ठेचा जंतू) कालवाचं मांस तपासा, नमुना थंड पेटीतून.

प्रश्नकर्ता: अरे देवा, मी बाटलीभर पाणीच पाठवत होतो!

उत्तर: विषारी शेवाळाची चाचणी वेगळी हं. ते विष शिजवूनही जात नाही.