कोलोनोस्कोपी निर्दोष, पण एमआर एन्टेरोग्राफीत सूज: कशावर विश्वास ठेवावा?

प्रश्न
मला 6 वर्षांपासून लहान आतड्याचा क्रोन रोग (आतड्याला दीर्घकाळ दाह होणारा आजार) आहे. वर्षभर पोटदुखी नाही, वजन स्थिर आहे आणि नुकत्याच झालेल्या कोलोनोस्कोपीत काहीही आढळले नाही. मात्र त्यानंतरच्या एमआर एन्टेरोग्राफीच्या (लहान आतड्याच्या एमआरआय तपासणीच्या) अहवालात लहान आतड्याच्या एका भागाची भित्ती 5 मिमी जाड असून तेथे सक्रिय दाह असल्याचे लिहिले आहे. मला बरे वाटत असताना हा अहवाल कितपत गंभीरपणे घ्यावा?

प्रतिसाद 1
मी रेडिओलॉजी विभागात काम करतो. दोन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात. कोलोनोस्कोपीची दुर्बीण मोठे आतडे ओलांडून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत, आणि तीही दरवेळी नव्हे, पोहोचते; क्रोनची सूज मात्र मधला निरोगी भाग सोडून वर कुठेही असू शकते आणि ती अस्तरापुरती न राहता भित्तीच्या संपूर्ण जाडीत पसरते.

फुगलेल्या आतड्याची भित्ती साधारणतः 3 मिमीपर्यंत असते. यातला ‘फुगलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तपासणीआधी दिलेले लिटरभर द्रव पुरेसे प्यायले गेले नाही, तर मिटलेले आतडेही जाड भासते. शिवाय जाडी म्हणजे सक्रियता नव्हे. जुन्या, व्रण भरून कठीण झालेल्या भित्तीचीही जाडी टिकून राहते. म्हणून टी-2 चित्रांत (पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआर चित्रांत) भित्तीत पाणी साठल्याची उजळ छटा आहे का, व्रण दिसतात का, गॅडोलिनियम (चित्रात ऊती उजळवणारे, शिरेतून टोचायचे औषध) दिल्यावर भित्ती किती उजळते आणि शेजारच्या रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या ठळक झाल्या आहेत का, हे अहवालात शोधावे. दाह आणि कठीणपणा अनेकदा एकाच जागी नांदतात. त्यांची चोख फाळणी चित्रावरून अजूनही नीट होत नाही, हे मान्य करावे लागेल.

प्रतिसाद 2
माझा पाठपुरावा आतड्याच्या सोनोग्राफीने होतो. तीत किरणोत्सर्ग नाही, शिरेतून औषध टोचावे लागत नाही आणि डॉपलरने भित्तीतील रक्तप्रवाहही दिसतो. मात्र ती करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते आणि गुदाशय पोटावरून नीट दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
अहवालात टी-2 सूज आहे, व्रण नाहीत. मारिया नावाच्या गुणांकाविषयी वाचले: जाडीच्या मिलिमीटरला 1.5 ने गुणायचे, सुजेचे 5 आणि व्रणांचे 10 गुण, शिवाय उजळण्याचा थोडा वाटा. माझे 12.5 तर तिथेच होतात आणि 11 पासून पुढे तीव्र धरतात! हे खरे समजावे का?

प्रतिसाद 1
बेरीज बरोबर आहे, निष्कर्षाची मात्र घाई झाली. हा गुणांक आतड्याच्या एकेका भागासाठी आहे, संपूर्ण रुग्णासाठी नाही. 5 मिमी जाडीचेच 7.5 गुण होतात, म्हणजे 7 ही सक्रियतेची सीमा जुनी, निवलेली भित्तीही ओलांडू शकते. मापात 1 मिमीची चूक झाली तरी 1.5 गुण हलतात. सूज असल्यामुळे आपला दाह केवळ जुना म्हणून सोडता येणार नाही, हेही तितकेच खरे. मागील एमआर चित्रे असल्यास ती नव्या चित्रांशेजारी ठेवून पाहावीत, मलातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहात वाढणारे प्रथिन) तपासून घ्यावे आणि मगच पोटविकारतज्ज्ञांशी औषधाविषयी बोलावे. लहान आतड्याच्या रोगात कॅलप्रोटेक्टिन मोठ्या आतड्याइतके वाढतेच असे नाही, त्यामुळे ते सामान्य आले तरी चित्रातील सूज रद्द होत नाही.