निर्देशांक ‘समाधानकारक’ दिसत असताना घरातील खोकला का थांबत नाही?

द्वारकावासी (प्रश्न)

आम्ही नाशिकच्या द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर, महामार्गाकडे तोंड असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. सासऱ्यांना काही वर्षांपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट विकार, आहे आणि मुलगा सहावीत आहे. दिवाळी उलटली की दोघांचाही खोकला सुरू होतो. सासऱ्यांना जिना चढताना धाप लागते, मुलाला रात्री झोपेत खोकल्याची उबळ येते, आणि होळीनंतर दोन्ही त्रास हळूहळू कमी होतात. गॅलरीचा कठडा सकाळी पुसला तरी संध्याकाळपर्यंत बोटाला पुन्हा थर लागतो आणि तो नुसता मातकट नसतो, काळपट व किंचित तेलकट असतो. मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर नाशिकचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहावा, तर तो बहुतेक वेळा ‘समाधानकारक’ किंवा फार तर ‘मध्यम’ असतो.

हा त्रास हवेमुळे आहे की केवळ थंडीमुळे, हे कसे ओळखावे? सासरे वर्षानुवर्षे पहाटे तपोवनाकडे फिरायला जातात. ते थांबवावे का? शेजाऱ्यांनी हवा शुद्ध करणारे यंत्र घेण्याचा सल्ला दिला आहे, पण त्याच्या किमतीच्या मानाने उपयोग होतो का? घर बदलणे आम्हाला शक्य नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये.

मापनपट्टी (प्रतिसाद)

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण विषय शिकवतो, त्यामुळे निर्देशांकाविषयी लिहितो. औषधोपचाराचा भाग येथील डॉक्टरांनी सांगावा.

आपल्या कठड्यावरची धूळ आणि ॲपवरचा आकडा यांत विसंगती नाही, कारण दोन्ही वेगवेगळ्या जागांविषयी बोलत आहेत. नाशिकमध्ये गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी आणि अंबड औद्योगिक वसाहत येथे स्वयंचलित मापन केंद्रे आहेत. त्यांपैकी कोणतेही केंद्र आपल्या गॅलरीत नाही. मुंबई–आग्रा आणि नाशिक–पुणे हे दोन महामार्ग जेथे एकत्र येतात, तेथे सिग्नलला थांबलेल्या ट्रक आणि बसगाड्यांचा धूर रस्त्यालगत सर्वाधिक दाट असतो आणि साधारणपणे दोनशे-तीनशे मीटर आत गेल्यावर तो बराच विरळ होतो. शहराचा आकडा हा शहराचा असतो. रस्त्याकडेच्या दुसऱ्या मजल्याचा नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. धूलिकणांसाठी हा निर्देशांक मागील २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. जड, थंड हवा वर उठत नाही, वारा पडलेला असतो, आणि वाहनांचा, शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर त्या उथळ थरात कोंडला जातो. निफाडकडून येणारी बोचरी थंडी आपल्याकडे कौतुकाचा विषय असते, परंतु धुराचे साठणे तिच्याच जोडीने येते. ऊन चढल्यावर जमीन तापते, हवा खालून वर घुसळली जाते आणि दुपारपर्यंत प्रदूषण विरळ होते. पहाटेचा उच्चांक आणि दुपारचा नीचांक एकत्र केले की मधला, निरुपद्रवी दिसणारा आकडा हाती येतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या निर्देशांकात ‘समाधानकारक’ गटाची वरची मर्यादा १०० आहे आणि सूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, यांच्या बाबतीत तिचा अर्थ घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेली २४ तासांची मार्गदर्शक मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ॲपवर हिरव्या रंगात दिसणारी हवासुद्धा त्या मर्यादेच्या चौपट असू शकते. वार्षिक सरासरीतील अंतर याहून मोठे आहे: भारतीय मानक ४०, तर संघटनेची शिफारस ५. भारतीय मानक सैल का, याला प्रशासकीय आणि भौगोलिक कारणे आहेत, परंतु फुप्फुसांना त्या कारणांशी काही देणेघेणे नसते. हवेची मानके गाठू न शकलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्या यादीत नाशिकचे नाव आहे, हेही ‘आपल्या नाशिकची हवा उत्तम’ असे सवयीने म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

म्हणून माझा सल्ला असा की शहराच्या एका आकड्याऐवजी आपल्या घरातील माणसे कोणत्या वेळी, कोठे, किती श्रम करत श्वास घेतात, याचा हिशेब मांडावा. रस्त्याकडील खिडक्या पहाटे आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी बंद ठेवून दुपारी मागील बाजूच्या उघडाव्यात. सासऱ्यांचे झोपणेही शक्य असल्यास मागच्या खोलीत हलवावे.

छातीचे_डॉक्टर (प्रतिसाद)

वरील प्रतिसाद अचूक आहे. मी छातीच्या विकारांचे रुग्ण अनेक वर्षे तपासले असून, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बाह्यरुग्ण विभागात धाप आणि घरघर घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढते, हा माझ्या नेहमीच्या पाहण्यातला अनुभव आहे. त्यातील प्रत्येक खोकला हवेमुळे असतो असे मात्र नाही. थंडीत विषाणुजन्य सर्दी-पडसेही वाढते, आणि दूषित हवेने आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना तो संसर्ग अधिक दिवस सतावतो. त्यामुळे ‘थंडी की हवा’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘दोन्ही’ असेच येते.

मोठे धूलिकण नाकात आणि घशात अडकतात व कफावाटे बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण मात्र थेट फुप्फुसांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तेथे दाह निर्माण करतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे हे नुकसान केवळ छातीपुरते राहत नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाह्य वायुप्रदूषणाला मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून नोंदवले आहे. आपल्या घरांमध्ये ज्येष्ठांच्या छातीत दुखू लागले की ‘गॅस धरला असेल’ म्हणून ओवा देण्याची पद्धत आहे. धुरकट, थंड सकाळी असे दुखणे उद्भवल्यास ओव्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

सासऱ्यांचे फिरणे बंद करू नये. सीओपीडीच्या रुग्णाने चालणे सोडले की स्नायू अशक्त होतात आणि तेवढ्याच श्रमाला अधिक धाप लागते. फिरण्याची वेळ तेवढी बदलावी. हिवाळ्यात ऊन चांगले चढल्यावर, साडेदहा-अकराच्या पुढे, महामार्ग टाळून आतल्या रस्त्याने अथवा मैदानात चालावे. पहाटेची हवा शुद्ध असते हा समज खेड्यातील मोकळ्या रानापुरता ठीक आहे. द्वारकेवर डिसेंबरच्या पहाटे तो लागू पडत नाही.

त्याहून मोठा प्रश्न औषधांचा आहे. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून थोडे बरे वाटताच इनहेलर बंद करणारे रुग्ण मी जितके पाहिले, तितके हवेने नव्याने आजारी पडलेले पाहिले नाहीत. इनहेलरमधील औषध मायक्रोग्रॅमच्या मात्रेत असते आणि ते थेट श्वासनलिकेत जाते, त्यामुळे गोळ्यांच्या तुलनेत त्याचे दुष्परिणाम फार कमी असतात. ते स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घ्यावे, स्टेरॉइड असलेल्या पंपानंतर चूळ भरावी आणि दिवाळीपूर्वीच डॉक्टरांना भेटून मात्रा तपासून घ्यावी. दरवर्षीची फ्लूची लसही टाळू नये.

मुलाच्या बाबतीत रात्रीची उबळ हे दम्याचे लक्षण असू शकते. या वयात स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, सहज होते; ती करून घ्यावी, नुसत्या खोकल्याच्या बाटल्या बदलत राहू नये. आणि कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर प्रदूषणाला दोष देण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते.

पंचवटीकर (प्रतिसाद)

आमच्याकडे गिरणीत आणि बांधकामावर काम करणारी माणसे संध्याकाळी गुळाचा खडा खातात. गूळ घशातील धूळ ओढून काढतो असे जुने लोक सांगत. हळद घालून दूध, तुळशीच्या पानांची वाफ, हे उपाय का सुचवले जात नाहीत?

छातीचे_डॉक्टर

गूळ अन्ननलिकेतून जठरात जातो. फुप्फुसाकडे जाणारी वाट वेगळी आहे. घशाला बरे वाटते म्हणून खाण्यास हरकत नाही, मधुमेह नसल्यास. साध्या पाण्याच्या वाफेने चोंदलेले नाक मोकळे होते, मात्र वायुकोशात बसलेल्या कणांवर तिचा उपयोग होत नाही, आणि लहान मुले उकळत्या पातेल्याने भाजल्याच्या घटना वारंवार घडतात, म्हणून मुलांना वाफ देताना जपावे. हे उपाय औषधाच्या जोडीला चालतील, औषधाऐवजी नाहीत.

मापनपट्टी

यंत्राचा प्रश्न राहिला होता. ते घेण्याआधी घरातील धूर मोजावा. डास पळवण्याची एक कॉइल रात्रभर जळते तेव्हा तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण सुमारे शंभर सिगारेटींच्या तोडीचे असतात, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. बंद खोलीत कॉइल, देवघरात धूप आणि अगरबत्ती, खिडकी लावून घातलेली मिरचीची फोडणी हे सर्व चालू ठेवून कोपऱ्यात महागडे यंत्र बसवणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणे होय. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवावा. दोन्हींचा खर्च यंत्रापेक्षा कितीतरी कमी आहे.

तरीही सीओपीडीचा रुग्ण घरात असल्यामुळे त्यांच्या झोपण्याच्या खोलीपुरते यंत्र घेणे मला वावगे वाटत नाही. त्यात हेपा, म्हणजे सूक्ष्म कण अडवणारी, गाळणी असावी आणि खोलीतील हवा तासाला पाच वेळा गाळली जाईल इतकी क्षमता असावी. दहा फूट बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे ताशी १७० घनमीटर स्वच्छ हवा देणारे यंत्र लागेल. हा आकडा सीएडीआर या नावाने खोक्यावर छापलेला असतो. ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत, कारण ओझोन स्वतःच श्वासनलिकांना त्रासदायक आहे. गाळणी बदलण्याचा खर्चही आधी विचारून घ्यावा. दुकानदार तो सहसा आपणहून सांगत नाहीत.

सोसायटी_सचिव (प्रतिसाद)

मी इंदिरानगर भागातील एका सोसायटीचे काम पाहतो. आमच्याकडे पहाटेच्या धुराचे मुख्य कारण महामार्ग नव्हता. कुंपणालगत पेटवला जाणारा पालापाचोळा आणि रखवालदाराची शेकोटी हे होते. शेकोटीत लाकडाबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, एकदा तर फाटका रेक्झिनचा सोफा जाताना मी पाहिला आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घालून ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे, ही सूचना आम्ही फलकावर लावली, तिचा परिणाम शून्य झाला. मग सभेत कोणीतरी विचारले की कडाक्याच्या थंडीत रात्रभर पत्र्याच्या खोलीत बसणारा माणूस शेकोटी पेटवणार नाही तर काय करणार. आम्ही खोलीला दार बसवले, दोन जाड घोंगड्या आणि विजेचा छोटा हीटर दिला. शेकोटी त्याच आठवड्यात बंद झाली. पालापाचोळ्यासाठी मागील बाजूस जाळीचा खड्डा केला, उरलेला कचरा घंटागाडीत जातो.

सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात रस्त्यांची कामे सुरू असताना बांधकामांना हिरवी जाळी, खोदलेल्या मातीवर पाणी मारणे आणि मुरूम-खडीच्या गाड्यांवर ताडपत्री या तीन गोष्टी नियमाने बंधनकारक आहेत. तक्रार करताना जागा, वेळ आणि छायाचित्र जोडावे आणि एकट्याने न करता इमारतीच्या लेटरहेडवर करावी.

द्वारकावासी

सर्वांचे आभार. आमच्याकडे रोज कॉइल लागते. आजपासून ती बंद केली आहे. एक शंका उरली आहे. माझे पती दुचाकीने द्वारकेवरून अंबडला कामाला जातात आणि हेल्मेटखाली रुमाल बांधतात. तो पुरेसा आहे का, आणि सासऱ्यांनाही मास्क द्यावा का?

छातीचे_डॉक्टर

रुमाल आणि साधा कापडी मास्क मोठी धूळ थोडीफार अडवतात. सूक्ष्म कण त्यांच्या विणीतून आणि कडांमधून सहज आत जातात. सूक्ष्म कण अडवणारा एन९५ मास्क घ्यावा आणि नाकावरची पट्टी दाबून बसवावी. श्वास सोडताना चष्म्यावर वाफ जमत असेल तर वरून हवा गळते आहे असे समजावे. दाट दाढी असल्यासही तो नीट बसत नाही. मास्क धुवू नये, ओलसर झाला किंवा श्वास घेणे जड झाले की बदलावा. वायुरूप प्रदूषक त्याने अडत नाहीत, म्हणून सिग्नलला बस किंवा ट्रकच्या मागे न थांबता बाजूला थांबावे आणि वेळ हाताशी असल्यास महामार्ग सोडून आतल्या रस्त्याने जावे. सासऱ्यांना मात्र मास्कमुळे श्वास घेण्याचे श्रम वाढू शकतात. त्यांनी तो प्रथम घरात बसल्या बसल्या लावून पाहावा, आणि धाप वाढत असल्यास त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर वापरू नये.