सेलेस्टियल, टेरेस्ट्रियल, टिलेस्टियल: मराठीत काय म्हणायचं?

गवतीचहा
एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. विषय आहे अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीतले मॉर्मन पंथाचे लोक आणि मेल्यावर माणसाचं काय होतं याबद्दलची त्यांची श्रद्धा. 'सॅल्व्हेशन'ला मी सरसकट 'मोक्ष' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे खोडून 'तारण' केलं. आता ओळ अशी झालीय: 'ख्रिस्तामुळे सर्वांना तारण मिळते.' घरी वाचून दाखवली, तर नवरा म्हणाला, किती टक्क्यांनी?
ते एक वेळ चालवून घेईन. खरी अडचण पुढेच आहे. त्यांच्यात मेल्यानंतर माणूस जिथे जातो असे तीन लोक आहेत: सेलेस्टियल, टेरेस्ट्रियल, टिलेस्टियल. पहिल्या दोघांना स्वर्गीय आणि पार्थिव केलं. तिसऱ्याला काय करू? ओळीत जागा कमी आहे, लांबलचक नको.

पाटीपेन्सिल
तिसरा शब्द पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचाच, त्यामुळे जुन्या कोशांत शोधू नका. १६ फेब्रुवारी १८३२ ला ओहायोतल्या हायरम गावी त्याला आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन याला दृष्टान्त झाला, त्यात हे तीन लोक येतात. मूळ धागा बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, अध्याय १५. तिथे शरीरं दोन प्रकारची, स्वर्गीय आणि पार्थिव. पण तेजं तीन: सूर्याचं, चंद्राचं, ताऱ्यांचं. तिसऱ्या तेजाला नाव कमी पडलं म्हणून ते घडवलं असावं, हा आपला माझा अंदाज.
आणि 'पार्थिव' तर अजिबात नको. मॉर्मन मतानुसार ही आपली पृथ्वीच शेवटी शुद्ध होऊन सेलेस्टियल, म्हणजे सर्वांत वरचा लोक, होणार आहे. म्हणजे तुमचं 'पार्थिव' भलत्याच मजल्यावर जाऊन बसलं! सरळ सूर्यलोक, चंद्रलोक, तारालोक लिहा.

उंटावरचा_शहाणा
चंद्रलोक? गीतेचा आठवा अध्याय उघडा. चांद्रमस ज्योतीपर्यंत गेलेला परत येतो. मॉर्मनांचा माणूस परत येत नाही, त्यांच्यात पुनर्जन्मच नाही. जन्माआधी आत्मा देवापाशी होता, मग हा एकच जन्म, मग मरणोत्तर आत्म्यांचं जग, मग पुनरुत्थान आणि न्याय. आपले तयार शब्द उचलले की त्यांच्याबरोबर आपलं सगळं बिऱ्हाड येतं.
'मोक्ष'लाही म्हणूनच विरोध. सुटका कशापासून? त्यांना शरीर सोडायचं नाहीये, ते परत हवंय. बायकोही तीच हवीय. देवळात गाठ बांधली की ती अनंतकाळाची.

खडीसाखर
सात जन्मांवर भागवणाऱ्या आम्ही बायका फारच स्वस्तात सुटलो म्हणायच्या.

वसईवाला
'तारण'ची चेष्टा पुरे. मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानाला बँक ऐकूच येत नाही. तारणारा, तारणप्राप्ती हे शब्द रोजच्या प्रार्थनेतले आहेत. सोनेतारणवाल्यांनी हवं तर आपला शब्द बदलावा. 'बाप्तिस्मा' मात्र सगळीकडे चालेल असं समजू नका, आमच्या चर्चमध्ये 'स्नानसंस्कार' ऐकत मोठा झालो.

उंटावरचा_शहाणा
गहाणातलं तारण आणि हे तारण एकाच 'तॄ' धातूचं. बुडणाऱ्या सावकाराला तारतं ते तारण.

पाटीपेन्सिल
हे कुठे वाचलंत?

उंटावरचा_शहाणा
वाचायला कशाला हवं, उघड आहे.

निंबोणी
पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर करताना हिंदू कल्पनांचा वास येणारे संस्कृत शब्द टाळून सोपी मराठी धरली. ते भाषांतर १९२४ मध्ये निघालं. पण त्याच रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचं नाव काय? मुक्ती! तेव्हा शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. शब्द वापरणाऱ्याचा होतो.

वसईवाला
संस्थेला नाव देणं वेगळं आणि सिद्धान्त सांगणं वेगळं.

अभंगवेडी
मला एक सुचतंय. आपल्याकडे मुक्ती एकच कुठे आहे? सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता अशा चार आहेत. मॉर्मनांकडेही 'सॅल्व्हेशन' आणि 'एग्झाल्टेशन' वेगवेगळे. मेलेलं शरीर उठणं, हे सगळ्यांनाच फुकट. पण सेलेस्टियल लोकातही वरच्या पायरीवर पोचून देवासारखं होणं, ते एग्झाल्टेशन. त्यासाठी देवळातले संस्कार लागतात, ती अनंतकाळची लग्नगाठही लागते. देवात विरून जाणं नाही, देवाच्या रूपाचं होणं. म्हणजे सायुज्यता नव्हे, सरूपता! मी तर 'सरूपता' लिहीन.
तीन लोकांतला फरकही जवळिकीचाच आहे. सर्वांत वरच्यांना पित्याचं सान्निध्य, मधल्यांना पुत्राचं, खालच्यांना पवित्र आत्म्याचं.

उंटावरचा_शहाणा
आठशे वर्षांची वारकरी परिभाषा युटाच्या उपशीर्षकाला? आणि वाचणाऱ्याला ओळ दिसणार दोन सेकंद. सरूपता म्हणजे काय हे त्याला कळेपर्यंत पुढचा प्रसंग येईल.

अभंगवेडी
म्हणजे सोपं केलं की बिऱ्हाड येतं आणि अचूक केलं की वेळ नाही. तुम्हाला हवंय तरी काय?

गवतीचहा
मंडळी, टिलेस्टियल राहिलं. एका ठिकाणी मी 'नरक' टाकलंय, ते चालेल का?

पाटीपेन्सिल
नाही चालणार. खोटारडे, व्यभिचारी वगैरे मंडळी आधी नरकयातना भोगतात हे खरं, पण शेवटच्या पुनरुत्थानात तिथून बाहेर पडून टिलेस्टियल लोकात येतात, आणि त्या सर्वांत खालच्या लोकाचं तेजसुद्धा माणसाच्या कल्पनेपलीकडचं सांगितलंय. तिन्ही लोकांच्या कायमचे बाहेर राहतात ते थोडेच, ज्यांना 'नाशाचे पुत्र' म्हटलंय. तो 'बाहेरचा अंधार' वेगळा. मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात आत्म्यांसाठी सुखलोक आणि कारागृह असतं, तेही वेगळं.

खडीसाखर
अवांतर: त्या कारागृहातल्या आत्म्यांसाठी जिवंत माणसं देवळात बाप्तिस्मा घेतात ना? ते आपल्या श्राद्धासारखंच नाही का? माहितीपटात असेल तर 'तर्पण' छान बसेल.

वसईवाला
काहीही! तर्पणाने पितर तृप्त होतात. इथे मेलेल्याच्या नावाने जिवंत माणूस बारा बैलांच्या पुतळ्यांच्या पाठीवरच्या हौदात बुडी घेतो, आणि ते स्वीकारायचं की नाही हे त्या मेलेल्याने ठरवायचं. आमच्या चर्चला हा संस्कार मान्य नाही, तरी एवढा फरक सांगायलाच हवा.

पाटीपेन्सिल
१८४० मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू गावी एका अंत्यविधीच्या वेळी स्मिथने हे पहिल्यांदा जाहीर सांगितलं. सुरुवातीला हौद नव्हताच, मिसिसिपी नदीतच बुड्या मारत. पुढे यावरून वादही झाले. होलोकॉस्टमध्ये मारलेल्या ज्यूंच्या नावाने बाप्तिस्मे झाले तेव्हा ज्यू संघटनांनी हरकत घेतली, आणि १९९५ मध्ये ते थांबवण्याचा करार झाला. त्यामुळे 'स्वीकारायचं की नाही' एवढं म्हणून विषय मिटत नाही.

निंबोणी
बाप्तिस्म्यासाठी मेलेल्यांची नावं लागतात, म्हणूनच मॉर्मनांना जगभरच्या वंशावळींचा एवढा सोस. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचंसुद्धा मायक्रोफिल्मिंग युटाच्या वंशावळ संस्थेने केलंय. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत पणजोबांची मोडीतली सही आहे. गुरुजी आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि बरोब्बर तेच पान उघडतात.

खडीसाखर
आमचीही आहे! त्र्यंबकेश्वरला. तिथे आमचं आडनाव वेगळंच लिहिलंय.

अभंगवेडी
कुठलं? कोकणातलं का?

उंटावरचा_शहाणा
निंबोणी, 'वंशावळ' नव्हे, 'वंशावळी'. संस्कृत वंशावली, ईकारान्त.

निंबोणी
आमच्याकडे घरात, दारात, कोर्टात वंशावळच म्हणतात. तलाठ्याकडे 'वंशावळी' मागून बघा, काय मिळतं ते.

गवतीचहा
टिलेस्टियल?? सोमवारी फाइल द्यायचीय.

उंटावरचा_शहाणा
तलाठी काय म्हणतो यावर व्याकरण ठरायला लागलं तर 'सातबारा'सुद्धा सामासिक शब्द होईल.

पाटीपेन्सिल
आहेच की तो. द्वंद्व.