नदी देते तशी घेते पण
दादा, वर तुम्ही लिहिलंय की पुरात नदीचं पाणी काठच्या तळ्यात शिरतं आणि मग तिथंच बसतं, पण तसं नाहीये. सगळा खेळ पातळीचा आहे, नदी वर असली की पाणी आत, तळं वर असलं की बाहेर, अन् मधला नाला गाळानं बुजला की दोन्ही बंद. कंबोडियातलं टोनले साप नावाचं तळं बघा, पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी चढते की तळ्यातून निघून तिला मिळणारी नदीच उलटी वाहायला लागते, तळं साधारण २,५०० चौ. किमीचं १५,००० च्या आसपास पसरतं आणि पाऊस सरला की तेच पाणी परत मेकाँगला जातं, माशांची पिल्लं तळ्याकाठच्या बुडालेल्या जंगलात वाढतात, काय जबरदस्त गोष्ट आहे ही! आपल्याकडं गोदावरी फुगली की नांदेड-परभणीकडं ओढ्यांचं पाणी मागं शिवारात सरकतं, तत्त्व तेच. जमिनीखालूनपण देवाणघेवाण चालते बरं का, पूर ओसरला की काठच्या वाळूत मुरलेलं पाणी हळूहळू नदीत उतरतं, म्हणून बेसुमार वाळू उपसली की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, हे बघून खरंच जीव तुटतो. तुमच्या तळ्याचा नाला अजून मोकळा आहे का?